राहुटीची घडी

उतरवलेली राहुटी खळ्यावर पसरली की एखादं थोरलं जनावर दमून आडवं पडल्यासारखं दिसे. चारी बाजूंचे दोर सैल, मधल्या खांबाचं टोपण रिकामं, आणि कापडाच्या दोन थरांमध्ये अडकून राहिलेली हवा. वारा आला की त्या पोटातून एक लाट संथपणे सरके. इतरांना तो वारा वाटे. तारामतीला वाटे, आत कुणीतरी कूस बदलली.

निपाणीहून चिकोडीकडे जाणाऱ्या वाटेवर तिचे सासरे भुजबली आप्पा यांचं रान होतं. थोरलं युद्ध नुकतंच संपलेलं. पौषात प्लेग आला, गल्लीत उंदीर मरून पडू लागले, तसं सारं गाव घरांना कुलपं घालून रानोमाळ पांगलं. कुणी कडब्याच्या खोपी घातल्या, कुणी तट्ट्यांची झोपडी उभारली. आप्पा बस्तीचे पंच, म्हणून त्यांना बस्तीची राहुटी मिळाली. गल्लीच्या टोकाच्या त्या जैन मंदिरासाठी पंचांनी ती बेळगावच्या खडेबाजारातून आणली होती. पलटणीतून निकालात निघालेली, बाहेरून मातकट, आतून हळदीसारखी पिवळी, आणि दाराच्या झडपेवर कुठल्याशा तुकडीचा पुसट आकडा. तिच्याखाली याआधी कोण निजलं होतं, त्यातलं कोण परत गेलं, हे त्या आकड्याला ठाऊक असेल तर असेल.

आता फाल्गुन लागला होता. साथ ओसरली, भिंतींना चुना लागला, माणसं आपापल्या उंबऱ्यात परतली. श्रीपाल परतला नाही. तारामतीचा नवरा त्या राहुटीत तापानं आडवा झाला आणि तिथेच गेला. ओढ्याच्या काठाला त्याला अग्नी दिला. सरकारी माणूस आला, त्यानं राहुटी औषधाच्या पाण्यानं धुऊन घेतली, चांगलं ऊन दाखवा म्हणाला आणि पुढच्या रानाकडे गेला.

ऊन दाखवण्याचंच काम उरलं होतं. अष्टान्हिकेच्या आठ दिवसांच्या पूजेला परगावची माणसं येणार, त्यांच्यासाठी बस्तीला राहुटी हवी होती. आणि बस्तीची रीत अशी, की कापड हाडासारखं कोरडं झाल्यावाचून मिटायचं नाही. ओल्या घडीत बुरशी धरते. बुरशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव. त्यांना अंधारात उपजवायचं आणि पुढच्या साली उन्हात झटकून मारायचं, हे पाप राहुटी मिटणाऱ्याच्या माथी. म्हणून लक्ष्मीबाई रोज सुनेला घेऊन रानात येत. नव्या विधवेनं इतक्यात उंबरा ओलांडू नये ही रीत होती खरी. पण त्या वर्षी माणसं पांगली तशा रीतीही पांगल्या होत्या, आणि त्या गोळा करायला अजून कुणाला सवड झाली नव्हती.

लक्ष्मीबाई मऊ फडक्यानं एकेक शिवण टिपत जात. शिवणीत मुंगी सापडली तर फुंकर घालून बाजूला करत. कोळी सापडला तर फडक्याच्या टोकावर घेऊन बांधावर नेऊन सोडत. रानाचा राखणदार भावकू मेखांवरची माती खरवडत हे बघत बसे. तरुणपणी तो बेळगावच्या छावणीत तंबू ठोकायला होता, आणि ते दिवस त्याच्या जिभेवरून अजून उतरले नव्हते.

"आक्का, असं एकेकाला रामराम करत बसला तर शिमगा हितंच हुईल की," तो म्हणाला. "आमच्या सायबानं बघितलं असतं तर त्या कोळ्याला बी रजा मंजूर केली असती."

"तुझ्या सायबाला म्हणावं, आमच्यात कोळ्याला बी पोरंबाळं असत्यात," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आणि तू तोंडानं कमी, हातानं जास्ती चाल."

"तोंड फुकटचं हाय आक्का. हात आप्पांचं."

तारामतीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग कापडावरून फिरणारा तिचा हात त्या जागेवर आला, आणि ओठ होते तसे झाले.

आतल्या पिवळ्या कापडावर, दारापासून डाव्या हाताला, तिच्या गुडघ्याच्या उंचीला ती जागा होती. तळहाताएवढी. भोवतालचं कापड भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक तापलेलं. आणि तेवढ्याच जागी गारवा. बोट दाबलं की बोटाच्या पेराला ओल लागे.

"दव आसंल," भावकू म्हणाला.

पण रात्री राहुटी छपराखाली असे. मग त्यानं ठरवलं, जमिनीला पाझर आहे. त्यानं राहुटी खळ्याच्या दुसऱ्या टोकाला ओढली, खाली कडबा पसरला. दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, ती जागा तशीच ओली. भावकूनं ती हुंगली, डोकं खाजवलं आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. त्या दिवशी त्यानं छावणीतली एकही गोष्ट सांगितली नाही.

तारामतीनं ती जागा पहिल्याच दिवशी ओळखली होती.

श्रीपालनं लग्नाआधीच मठातल्या स्वामींपुढे नेम घेतला होता, सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाणीही नाही. घरात बाकीचेही दिवसाउजेडी जेवत, पण त्याच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं. सूर्य टेकायला आला की तो ओसरीवर उभा राहून पितळी पेला ओठांना न लावता वरून पाणी पिई, तोंड पुसे आणि पेला पालथा ठेवी. पालथ्या पेल्याचा तो लहानसा आवाज झाला की दिवस संपला. लग्न होऊन या घरात आल्यावर तारामती सर्वांत आधी हा आवाज शिकली होती, सासूच्या बांगड्यांच्या आणि सासऱ्यांच्या खोकल्याच्याही आधी.

तापाच्या त्या संध्याकाळी पेला लक्ष्मीबाईंनीच पालथा ठेवला. श्रीपालला बाजेवरून उठता येत नव्हतं. दिवस ओढ्यापलीकडे बुडाला, राहुटीचा पिवळा रंग राखेसारखा झाला, आणि तेव्हा त्यानं डोळे उघडले. "पाणी," तो म्हणाला. अगदी स्वच्छ. तारामतीनं पेला उचललाही होता. लक्ष्मीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"त्यो तापात हाय. त्याचा नेम त्याला आठवत न्हाय, मला आठवतोय. उद्या शुद्धीवर आला आणि मला विचारलं, तर मी काय सांगू? उजाडू दे गं."

त्यानं आणखी एकदा मागितलं. मग मागितलं नाही. उजाडायच्या आत तो गेला. सकाळी त्याला सरळ करायला गेले तेव्हा त्याचं तोंड राहुटीच्या भिंतीकडे वळलेलं होतं. आतल्या कापडाला दव सुटलं होतं, आणि त्याचे ओठ त्या कापडाला टेकलेले होते. डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीला.

ते दोघींनी पाहिलं. त्यावर दोघी बोलल्या नाहीत.

भुजबली आप्पा एकदाच रानात आले. राहुटीकडे पाठ करून ते खळ्याच्या कडेला बसले आणि समोरच्या उजाड वावरात, तंबाखू काढून नेल्यावर उरलेल्या खुंटांकडे पाहत म्हणाले, "मागं कोण ऱ्हात न्हाय. डोळा मिटला त्या क्षणाला जीव दुसऱ्या गतीला लागतो. वाटंत थांबायला त्याला जागाच न्हाय. आपल्या धर्मात भूत न्हाय, पिशाच न्हाय, वाट बघणं न्हाय." कुणी काही विचारलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर ते आणखी बराच वेळ बसून राहिले, आणि उठताना त्यांनी हात मागे नेऊन, न बघता, राहुटीच्या एका दोराला स्पर्श केला.

तारामतीला ते शब्द पाठ होते; माहेरीही हेच शिकवलं होतं. एका क्षणात जीव जातो. मग ओल कुणाची? ज्याला वाट बघायला जागा नाही, तो तळहाताएवढ्या कापडात वाट बघतो आहे काय? तिला भुताची भीती वाटत नव्हती. तिला घडीची भीती वाटत होती. ओली असो वा कोरडी, राहुटी एक दिवस मिटली जाणार, दोरानं आवळली जाणार, बस्तीच्या माळ्यावर अंधारात चढणार; आणि ती जागा आतल्या आत, एका थरावर दुसरा थर दाबून, बंद होणार. राहुटी मिटणं म्हणजे त्याला त्याच्या तहानेसकट मिटणं. ते तिच्या हातांनी होणार होतं.

बस्तीचं सामानसुमान सांभाळणारे रायाप्पा एका दुपारी बैलगाडी घेऊन आले. उंच, वाकलेले, बोलणं हळू. त्यांनी चप्पल काढून राहुटीला नमस्कार केला, जणू ती बस्तीचाच एक कोपरा. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही तळव्यांनी सगळं कापड चाचपलं, आंधळा माणूस ओळखीचं तोंड चाचपतो तसं. डाव्या बाजूला त्यांचे हात थांबले.

"लक्ष्मीआक्का, ही ओल?"

"वाळंना झालीया," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"एवढ्या उन्हात?"

"एवढ्या उन्हात."

रायाप्पांनी बोटांना लागलेली ओल धोतराला पुसली. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. "उद्या सकाळच्याला येतो. पावणी यायला लागल्यात. कोरडी असली तर न्हेतो. न्हाईतर..." ते थांबले. "न्हाईतर तेवढा तुकडा कापून ठिगळ लावायचं. दुसरं काय करणार?"

गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत दोघी उभ्या होत्या. कापायचं. कापलेल्या तुकड्याचं पुढं काय करतात? घरी नेतात, चुलीत घालतात, की बांधावर टाकून देतात?

"मेखा धुवायच्या ऱ्हायल्यात," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "हिरीवर जाऊन धुऊन आण. मी हितं बसतो."

विहीर बांधापलीकडे होती. मेखा धुऊन, पाटी कमरेवर घेऊन तारामती परत निघाली तेव्हा ऊन कलतीला लागलेलं. बाभळीच्या आडून खळं दिसलं, आणि तिचे पाय थांबले.

लक्ष्मीबाई राहुटीच्या डाव्या बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या हातात श्रीपालचा पितळी पेला होता. तो त्यांनी पदराखालून रानात आणला होता, हे तिला आत्ता कळत होतं. पेला काठोकाठ भरलेला. त्यांनी तो त्या जागेवर कलता केला होता, पण पाणी अजून सांडलं नव्हतं. काठावर येऊन थरथरत होतं.

तर हे असं होतं. रोज दुपारी, सुनेला कुठे ना कुठे पाठवून, ही बाई ते पाणी देत होती. भूत नाही, पिशाच नाही. फक्त एक आई. तारामतीला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी, सुटण्याहून खोल कुठेतरी, तिला फार एकटं वाटलं. म्हणजे तो नव्हताच तिथे. इतके दिवस ती सासूच्या पेल्याशी मनातल्या मनात बोलत होती.

ती पुढे गेली. पाटी खाली ठेवताना मेखा वाजल्या, आणि लक्ष्मीबाई दचकल्या. थोडं पाणी त्यांच्या मनगटावर सांडलं.

"आत्ती," तारामती म्हणाली, "रोज वततासा?"

लक्ष्मीबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चोरी पकडल्याचं काही नव्हतं, गोंधळ होता.

"मी? पेला रोज संगं आणतो, पण पाणी आज पयल्यांदा भरलं गं." त्यांनी मनगटावरचं पाणी पदराला टिपलं. "वली बघून मला वाटलं, तू वततीस. मी हिकडं तिकडं गेलो की गुपचूप वतत असशील. म्हणून मी तुला कधी काय बोललो न्हाय. म्हटलं, माझ्या हातानं अडवलं, तिच्या हातानं तरी मिळू दे. आज रायाप्पा कापायचं म्हणाला, तवा म्हटलं, एकदा मी बी..."

"मी न्हाय, आत्ती."

"तू न्हाईस?"

"एकदा बी न्हाय."

दोघींच्या मध्ये ती जागा होती. ओली. वर पाणी सांडलेलं नव्हतं, खाली कडबा कोरडा होता, आभाळात ढगाचा कपटा नव्हता. लांब कुठेतरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज पुसट होत चालला होता.

लक्ष्मीबाईंनी पेला पुन्हा कलता केला, घाईनं, जसं काही आता क्षणभरही थांबणं बरं नव्हे. तारामतीनं त्यांचं मनगट धरलं.

तशीच पकड होती ती. तेच मनगट नव्हतं, तोच हात नव्हता, पण पकड तीच. लक्ष्मीबाईंनी सुनेकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"अडवतीस व्हय गं मला? अडव. तुझा हक्क हाय."

"अडवत न्हाय आत्ती," तारामती म्हणाली. तिचा स्वर तिलाच परका वाटला, इतका तो शांत होता. "पण दिवसा त्यांनी मागितलंच न्हवतं. दिवसा त्यांना पाणी होतं. मावळल्यावर मागितलं. तवाच द्यायला पायजे."

लक्ष्मीबाईंनी सूर्याकडे पाहिलं. तो ओढ्याच्या वर हातभर होता. रोज या वेळेला दोघी घराची वाट धरत. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं असे. म्हणूनच इतक्या दिवसांत त्या घटकेला राहुटीजवळ त्यांच्यापैकी कुणी कधी नव्हतं.

"नेम मोडंल त्याचा," त्या पुटपुटल्या. "जन्मभर पाळलेला."

"मोडू दे. आपण मोडू. त्यांच्या माथ्यावर न्हाय, आपल्या."

"आणि आपलं जेवण?"

"आजचा उपास."

लक्ष्मीबाईंनी पेला दोघींच्या मध्ये, जमिनीवर ठेवला आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. दोघी बसून राहिल्या. एवढ्या सावकाश मावळणारा दिवस तारामतीनं कधी पाहिला नव्हता. आधी वावरातल्या खुंटांच्या सावल्या लांबल्या, मग त्यांचं टोक कुठे संपतं ते कळेना. मग सावली आणि माती एक झाली. राहुटीचा पिवळा रंग एकेक पायरी उतरत गेला. हळद, मग वाळलेलं गवत, मग राख. ओढ्याकडून गार झुळूक आली आणि कापडाच्या पोटातून ती लाट सरकली. या वेळी लक्ष्मीबाईंनीही ती पाहिली. त्यांचा हात सुनेच्या हातावर आला आणि तिथेच राहिला.

भावकू छपरातून कंदील घेऊन यायला निघाला होता. दोघींना तशा बसलेल्या बघून त्यानं कंदील तिथेच खाली ठेवला आणि पाठ फिरवून बसला.

सूर्य गेला.

तारामतीनं पेला उचलला. लक्ष्मीबाईंनी खालून तिच्या हाताला हात लावला. दोघींनी मिळून तो कलता केला. पाणी कापडावर पडलं, क्षणभर थांबलं, आणि मग आत गेलं. वरून ओघळलं नाही, बाजूला पसरलं नाही. तापलेल्या मातीत जावं तसं, एका घोटासारखं.

"घे रं बाळा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यानंतर त्या रडल्या. इतके दिवस त्यांनी डोळे कोरडे ठेवले होते, कारण रडणं हेही बांधून ठेवणंच, असं त्यांना शिकवलेलं होतं.

रिकामा पेला तिथेच, कापडाशेजारी, सरळ उभाच राहिला. उचलायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही. राहुटी त्या रात्री उघड्यावरच राहिली. छपराखाली ओढायला भावकूला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. तो त्यांना कंदील दाखवत गावाच्या वेशीपर्यंत आला. वाटेत एकदाच बोलला. "छावणीत मी लई तंबू उतरवलं, वयनी. काही तंबू मेखा उपटल्या तरी पडत न्हवतं. आमचा हवालदार म्हणायचा, थांबा, आतला माणूस भायर येऊ दे. आत तर कोण नसायचं. आम्ही हसायचो."

सकाळी ऊन पुरतं वर यायच्या आत त्या रानात पोचल्या. रात्रभर दव पडलं होतं. बाहेरच्या कापडावर त्याची नक्षी अजून चमकत होती, आणि सूर्यानं तीही हळूहळू पुसली. तारामतीनं आतलं कापड उलटून ती जागा शोधली. सापडेना. तिनं दारापासून पुन्हा माप घेतलं, डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीला. कापड कोरडं होतं. बाकीच्या कापडासारखंच, उबदार, किंचित खरखरीत. तिनं गाल टेकवून पाहिला. औषधाचा उग्र वास आला, आणि उन्हाचा. आणखी कशाचाच नाही.

"चला, घडी घालू," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

भावकूनं रीत सांगितली. झडपा आत, बाजू मध्यावर, मग मध्यावर मध्य, आणि टोपणाकडून दाराकडे गुंडाळत यायचं, म्हणजे हवा दारातून निघते. प्रत्येक थरावर लक्ष्मीबाईंनी फडकं फिरवलं आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरला. तारामती गुडघ्यांवर बसून गुंडाळी पुढे ढकलत गेली. डावी बाजू आली तेव्हा तिचे हात थांबतील असं तिला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. शेवटच्या वळणाला झडपेतून हवा बाहेर पडली, लांब, सावकाश, आणि संपली.

"आवळू?" भावकूनं दोर घेऊन विचारलं.

"आवळ," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "पण हळू."

रायाप्पांची गाडी बांधावर आली होती. त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला, मान डोलावली, आणि ओलीबद्दल काही विचारलं नाही. भावकूनं एकट्यानं गाठोडं उचललं. "आणताना दोघं लागलतो," तो आपल्याशीच म्हणाला.

गाडी वळणाआड गेल्यावर खळं एकदम फार मोठं दिसू लागलं. राहुटीच्या जागी दबलेल्या कडब्याचा एक फिकट चौकोन उरला होता. त्याच्या कडेला, काल संध्याकाळी ठेवला होता त्याच जागी, श्रीपालचा पेला होता.

तो पालथा होता.

तारामतीनं भावकूकडे पाहिलं. तो पाठमोरा, कडबा गोळा करत होता. त्याला विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. लक्ष्मीबाईंनी पेला पाहिला. त्यांनीही विचारलं नाही. त्या वाकल्या, पेला उचलला, पदरानं पुसला आणि सुनेच्या हातात दिला. घराच्या वाटेवर तारामतीनं तो दोन्ही हातांनी, पालथाच, छातीशी धरला होता.